फोदेचं नाव

मेंढ्याची मान अजून आली नव्हती.

दुपारची नमाज होऊन गेली, आंब्याची सावली सरकत सरकत विहिरीच्या कठड्याला टेकली, तरी कामारांच्या घरून कोणाची चाहूल नाही. नेरेकोरोत कामारांकडे बारसं असलं की मेंढा कापल्याबरोबर त्याची मान त्यांच्या ग्रिओंच्या, तुन्कारांच्या घरी पोचायची. ही रीत कोणाच्या पणजोबाने घातली ते एक म्हाताऱ्या केमोकोलाच ठाऊक. शब्द गळ्यातून निघतो, म्हणून कुळाच्या पिढ्या गाऊन सांगणाऱ्या ग्रिओचा वाटा गळ्याचा. एरवी या वेळेला सारानची शेंगदाण्याची आमटी खदखदायला लागलेली असायची. आज वाटलेले शेंगदाणे तसेच पडले होते, चिरलेल्या कांद्यावर माश्या बसत होत्या, आणि सारान चुलीत लाकडं रचून हातात काडेपेटी घेऊन बसली होती. पेटवत मात्र नव्हती.

"आई, पेटव की चूल," मोरिबा म्हणाला.

"कशाच्या भरवशावर पेटवू? तुझ्या बापाच्या डोक्याच्या?" म्हातारी फटकन बोलून गेली आणि लगेच जीभ चावली, कारण केमोको चार पावलांवर चटईवर बसला होता.

त्याने ऐकलं नव्हतं. किंवा ऐकून विसरला होता. हल्ली दोन्हींत काही फरक राहिला नव्हता. मांडीवर न्गोनी घेऊन तो तिच्या चार तारांपैकी एकच तार पुन्हा पुन्हा पिळत होता. सकाळी एवढा गोंधळ घालून आलेल्या माणसाचा चेहरा पडलेला असायला हवा. याचा नुकत्याच न्हाऊन बसलेल्या पोरासारखा निवांत.

गोंधळ म्हणजे काय, तर एक नाव. लान्सिने कामाराला पहिला मुलगा झाला. आज आठवा दिवस, अख्खं गाव त्यांच्या अंगणात. बापाने नाव आधी ग्रिओच्या कानात सांगायचं, ग्रिओने ते जगाला सांगायचं, आणि मग इमामाने बाळाच्या कानात. लान्सिनेने वाकून केमोकोच्या कानात आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, बुरामा. तेच असणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पहिला नातू, आणि आजोबा समोरच नवी कोरी टोपी घालून खुर्चीत बसलेले. केमोको काठी टेकत उठला, कामारांच्या पिढ्या एकामागून एक ओळीने घेतल्या, एक नाव इकडचं तिकडे नाही, आणि शेवटी आवाज चढवून म्हणाला, "आणि आज या घरी आला तो फोदे! फोदे कामारा!"

फोदे म्हणजे बुरामाचा सख्खा धाकटा भाऊ. चाळीस वर्षांत त्या घरात हे नाव कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

आणि त्यावर मोरिबा म्हणाला, "नामू."

तीस वर्षं त्याचं काम तेवढंच. बापाने एक ओळ सांगायची, मुलाने नामू म्हणायचं. म्हणजे खरं आहे, ऐकतोय, पुढे चल. नामू पडल्याशिवाय ग्रिओची गोष्ट पाऊल टाकत नाही. आणि नामू पडला की ती ओळ पक्की झाली, मग ती कोणाला खोडता येत नाही. इमाम गेल्या वर्षीच परगावाहून आलेला, त्या बिचाऱ्याला फोदे कोण आणि बुरामा कोण, काय पत्ता? त्याने नामू ऐकला, बाळाच्या कानात फोदे म्हटलं, आणि मेंढ्यावर सुरी फिरली. बुरामा खुर्चीतून उठला आणि एक शब्द न बोलता घरात गेला. लान्सिने जागच्या जागी पांढरा पडला. बायकांनी गाणं अर्ध्यावर सोडलं. तुन्कारा मंडळी खाली मान घालून घरी आली, ती अजून तशीच बसली होती.

"मी म्हणतो, आता पुरे झालं," सेकू म्हणाला.

सेकू थोरला. बामाकोत लग्नाकार्यात गायचा. स्वतःचा माइक, स्वतःचे दोन भोंगे, आणि अंगात इतका कडक इस्त्रीचा झगा की बसला तरी झगा उभाच. बारशासाठी मुद्दाम आला होता. सकाळपासून अंगणात नुसत्या येरझारा घालत होता.

"काय पुरे झालं, दादा?"

"तुला समजत नाही? बाबांनी आता बसावं. नमाज पढावी, नातवंडं खेळवावीत. ग्रिओची काठी मी घेतो. महिन्यातून एकदा येईन, मोठी कार्यं असतील तेव्हा येईन. मी सांगेन, तू नामू म्हण. तुझं काम काही जात नाही."

"बाबांचं जातं."

"बाबांचं गेलंय रे मोरिबा! सकाळीच गेलं, सगळ्या गावादेखत!" सेकूचा आवाज भोंग्याशिवायही भिंतीपलीकडे जायचा. त्याने तो आवरला आणि भावाच्या शेजारी उकिडवा बसला. "ऐक माझं. उद्या बाजारात पोरं त्यांची नक्कल करतील. काठी टेकत चालतील, एकाला हाक मारून दुसऱ्याचं नाव घेतील आणि खिदळतील. मला नाही बघवायचं ते. ज्या माणसापुढे कामारा मंडळी टोपी काढायची, त्याचं हसं झालेलं तुला बघवेल?"

मोरिबाला दादाचा राग येत होता, पण दादा खोटं बोलत नव्हता. तो आईकडे वळला. जन्मभर बाबांच्या बाजूने सगळ्या गावाशी भांडलेली बाई ही. कामारांच्या घरात उभी राहून कामारांना चार शब्द सुनावून येणारी.

"आई, तू सांग ना दादाला."

सारान काडेपेटीकडे बघत राहिली. "काय सांगू? बरोबर बोलतोय तो. बसू दे त्यांना."

"आई!"

"आई आई काय करतोस? तू झोपतोस तुझ्या बायकोपोरांत. इथे पहाटे उठून मला 'तुम्ही कोण, बाई?' विचारतात. पन्नास वर्षं संसार केला आणि आता मी बाई! मी सांगते, मी सारान. मग म्हणतात, सारान माझी बायको, फार गोड गाते, तुम्ही तिला ओळखता का?" म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने मनगटाने पुसलं. "मी म्हणते, ओळखते. दुसरं काय म्हणू? घरात माझ्यासमोर विसरले तर मी पोटात घालीन. पण लोकांत नको. लोकांत मला सहन होणार नाही."

केमोकोने तार पिळता पिळता मान वर केली. "मान आली का?"

"येतेय," सारान म्हणाली. "वाटेत आहे."

"मग आमटी टाक. मिरची बेताने."

मोरिबा उठला आणि विहिरीपाशी जाऊन उगीचच दोर गुंडाळायला लागला. त्याला सकाळपासून जे खुपत होतं ते या दोघांना माहीतच नव्हतं.

दोन वर्षं झाली. एका लग्नात केमोकोने आजोबांच्या आधी नातवाचं नाव घेतलं, आणि मोरिबाच्या तोंडून नामू आलाच नाही. क्षणभर शांतता. त्या शांततेत केमोको दचकला, एक पाऊल मागे गेला, ओळ पुन्हा घेतली, आणि या वेळी बरोबर घेतली. मग मोरिबाने नामू म्हटलं. ऐकणाऱ्यांना वाटलं, म्हातारा मुद्दाम थांबला, काय ढंग आहे! तेव्हापासून हे चाललं होतं. बाबा चुकले की मोरिबा गप्प राहायचा, आणि बाबा परत येऊन वाट धरायचे. एक शब्द न बोलता तो बापाला हाताला धरून चालवत होता, आणि ते कोणालाच कळलं नव्हतं, बाबांनाही नाही, असं तो समजून होता.

मग आज सकाळी तो गप्प का राहिला नाही?

नाव ऐकताक्षणी त्याला समजलं होतं की चुकलं. थांबायला एक श्वास पुरला असता. पण फोदे म्हटल्याबरोबर त्याच्या डोळ्यांपुढे कीता स्टेशनचा फलाट उभा राहिला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि फोदेकाकाच्या खांद्यावर बसला होता. काकाच्या मानेला घामाचा आणि शेंगांच्या मातीचा वास येत होता. खाली मोठी माणसं बोलत होती, त्यातलं अर्धंमुर्धं त्याला तेव्हा कळलं, बाकीचं पुढे आईकडून. फोदे सेनेगलात शेंगांच्या हंगामाला गेला होता, मागे आई वारली. निरोप पोचून तो धावत आला तेव्हा चौथा दिवस होता. बुरामाने त्याची वाट न बघता माती दिली होती. फोदे रडत म्हणाला, मी येईपर्यंत थांबायचं होतंस, दादा. आणि बुरामा चारचौघांत म्हणाला, जी मरताना तू नव्हतास, ती तुझी आई नव्हती.

म्हणून फोदे निघाला होता. गाडी लागली तेव्हा त्याने मोरिबाला खाली उतरवलं आणि भावापुढे डावा हात केला. लांबच्या प्रवासाला निघालेल्या आपल्या माणसाशी डावा हात मिळवायचा. ही मुद्दाम केलेली चूक. चूक सुधारायला दोघांना पुन्हा भेटावंच लागतं, मग उजवा हात द्यायचा. त्या हातासाठी माणूस जगाच्या टोकावरून परत येतो.

बुरामाने आपला उजवा हात पुढे केला. म्हणजे हिशेब चुकता झाला, परत यायचं कारण नाही. फोदेने त्या हाताकडे बघितलं, आपला डावा हात हळूच झग्यात घातला आणि डब्यात चढला.

ते सगळं आज एका श्वासात आठवलं. बरोबर की चूक याचा विचार करायला उसंत मिळायच्या आत नामू तोंडातून निघून गेला होता.

"आले!" सेकू दबक्या आवाजात म्हणाला. "ते स्वतःच आले!"

फाटकातून बुरामा कामारा आत येत होता. सत्तरी उलटली तरी ताठ, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेलं कलिंगडाएवढं भांडं. कामारांच्या घरचा कर्ता माणूस स्वतः भांडं उचलून ग्रिओच्या दारात येतो, हे नेरेकोरोत कोणी बघितलं नव्हतं. सारान धडपडत उठली, पण जीभ तिच्याआधी उठली होती.

"या! आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा? घरातली सगळी माणसं संपली की काय, मालकांना मान वाहायला लागली?"

"गप गं म्हातारे," बुरामा म्हणाला. "तुझी जीभ अजून शाबूत आहे, एवढं तरी बरं आहे."

"जीभ शाबूत आहे म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं नाही. दात बघून ह्यांना निवडलं."

"आणि आता त्याला दात नाहीत."

"तुम्हाला तरी कुठे आहेत!"

बुरामा हसला नाही, पण ओठाचा कोपरा हलला. तेवढ्याने सारानचा जीव थोडा खाली बसला. माणूस टोमण्याला टोमणा देतोय, म्हणजे नातं तोडायला आला नाही. किंवा तोडायच्या आधी रीत पाळतोय. तिने चटई झटकली, पाण्याचा तुंबा पुढे केला. त्याने एक घोट घेतला, भांडं गुडघ्याशी ठेवलं. फडकं काही काढलं नाही.

सेकू पुढे आला आणि झग्याची पर्वा न करता धुळीत गुडघे टेकले. "काका! कामारांच्या सावलीत तुन्कारा वाढले. तुमच्या आजोबांच्या घोड्यापुढे आमचे आजोबा चालले. आज माझ्या म्हाताऱ्या बापाची जीभ घसरली असेल, तर ती जीभ माझी समजा, तो गुन्हा माझा समजा, आणि सिंहाच्या वंशातल्या..."

"सेकू."

"जी."

"भोंगा बंद कर बाळा. कान दुखतात माझे." बुरामाने केमोकोकडे बघितलं. केमोको त्याच्याकडे बघून ओळखीचं हसला आणि पुन्हा तारेत गढला. बुरामाने पाण्याचा तुंबा बाजूला सारला. मग म्हणाला, "मला मोरिबाशी बोलायचंय."

मोरिबा विहिरीपासून आला आणि समोर बसला. हातात अजून दोर होता.

"नामू तू म्हणालास."

"हो, काका."

"मग तूच सांग. तुझ्या बापाने हे जाणूनबुजून केलं की विसरला? मला गोलगोल बोलणं नको. दिवसभर माझ्या घरात दोन तट पडलेत. लान्सिने म्हणतो, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, पुन्हा मेंढा कापू आणि नाव बदलू. त्याची आई म्हणते, केमोको कामारांच्या बाबतीत कधी चुकला नाही, त्याने काहीतरी मनात धरून केलंय. तू सांगशील तसं करीन."

मोरिबाने आईकडे बघितलं. आई डोळ्यांनी सांगत होती, जाणूनबुजून म्हण. दादाही तेच सांगत होता. एवढं म्हटलं की झालं, बाबांची अब्रू राहते. म्हातारा शहाणा होता, त्याने चाळीस वर्षांचं भांडण एका नावाने मोडायला बघितलं, गाव वर्षानुवर्षं कौतुक करील. आणि मोरिबाला म्हणायचं काय होतं, तर त्याचा नेहमीचा एकच शब्द. पण कामारांच्या घराची खरी गोष्ट तुन्कारांच्या तोंडी सोपवलेली. तिथेच खोटं बोललो तर मग उरलं काय आपल्यापाशी?

"बाबा विसरले," तो म्हणाला.

सारानने तोंडाला पदर लावला.

"बाबा विसरले, काका. मी विसरलो नव्हतो." त्याने हातातला दोर खाली ठेवला. "मला कळलं होतं चुकलंय. मी गप्प राहिलो असतो तर ते परत आले असते. नेहमी येतात. दोन वर्षं मी असाच सांभाळतोय त्यांना. आज मी गप्प राहिलो नाही. मी त्या दिवशी फलाटावर होतो. मी तुमचा उजवा हात बघितला होता. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. त्यांना लोकांत काही म्हणू नका."

सेकू गुडघ्यांवर होता तसाच त्याच्याकडे बघत राहिला. त्याला हे नवीन होतं. दोन वर्षं आपला हा मुखदुर्बळ भाऊ काय करत होता, आणि आपण बामाकोत बसून काठी कोणी घ्यायची ते ठरवत होतो.

बुरामाने काठी दोन्ही हातांत धरली. "दोन वर्षं आणि चार महिने," तो म्हणाला.

"काय?"

"काझूमाच्या लग्नापासून. तुझा नामू उशिरा यायला लागला. तुला काय वाटलं, गाव बहिरं आहे? मी या माणसाच्या तोंडून माझ्या बापजाद्यांची नावं साठ वर्षं ऐकतोय. कुठे श्वास घेतो तेही मला पाठ आहे. नामू अडला की मी समजायचो, केमोको वाट चुकला, पोरगा उभा आहे. मग मीही मनातल्या मनात थांबायचो." त्याने खोकून घसा साफ केला. "आज फोदे म्हणाला, तेव्हाही मी थांबलो. म्हटलं, आता मोरिबा गप्प राहील. आणि तू नाही राहिलास."

"माझी चूक झाली, काका."

"अरे, तोंड मलाही होतं ना! इमामापर्यंत दहा पावलं. सुरी फिरेपर्यंत मी थांबा म्हणू शकत होतो. मी नुसता बसून राहिलो." सत्तरीचा ताठ माणूस बघता बघता वाकला. "घरात गेलो ते रागाने नव्हे. रडायला गेलो. लोकांसमोर रडू की काय?"

सारान पुढे सरकली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"त्या दिवशी स्टेशनवरून परत येताना हा माझ्या शेजारी चालत होता," बुरामाने केमोकोकडे हनुवटी केली. "सगळी वाट गप्प. गावाच्या वेशीवर म्हणाला, बुरामा, आज तू चुकलास, पण एक दिवस मी ते नीट करीन. मी वाट बघितली. स्वतःहून त्याला म्हणायची मला लाज वाटायची. पहिल्या वर्षी वाटलं, यंदा म्हणेल. मग वाटलं, पुढच्या वर्षी."

तेवढ्यात केमोकोने न्गोनी बाजूला ठेवली आणि बुरामाकडे काळजीने बघितलं. "बुरामा, फोदेची गाडी गेली का?"

मोरिबाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बुरामाने त्याला हाताने थांबवलं.

"नाही रे, केमोको," तो हळुवारपणे म्हणाला. "अजून उभी आहे."

"मग बसून काय करतोस? जा की."

"जातो. माणूस पाठवतो."

त्याने भांड्यावरचं फडकं काढलं. आत मांस नव्हतं. केळीच्या पानावर दहा पांढरी कोलाची फळं मांडली होती, ओली, टवटवीत. ज्याचं नाव बाळाला दिलं त्याला निरोपाबरोबर पाठवायची असतात ती. तुझ्या नावाचं माणूस जन्माला आलंय, ये आणि तोंड बघ. असा निरोप आला की नाही म्हणता येत नाही, भांडण कितीही जुनं असो.

"जिवंत आहेत?" सारानने विचारलं.

"तिकडे सेनेगलातच, तांबाकुंडाला. स्टेशनच्या मागच्या गल्लीत शेंगा भाजून विकतो. डाव्या डोळ्याला दिसत नाही. तीन मुली, तिघींची लग्नं झाली." सगळे आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर तो चिडला. "काय बघता? गाडीवरची माणसं येतात, बोलतात, कानावर पडतं!"

"चाळीस वर्षं पडतंय वाटतं," सारान म्हणाली, आणि रडता रडता हसली.

सेकू उठला, धूळ झटकली. "काका, मी जातो. शब्द कसा टाकायचा ते माझ्यावर सोडा. म्हाताऱ्याला रडवून घेऊन येतो."

"त्याला रडवायला नाही पाठवायचं. मोरिबा जाईल."

"मी?" मोरिबा घाबरला. "काका, मी कधी निरोप सांगितला नाही. मी नुसता..."

"माहीत आहे तू काय नुसता करतोस. फोदेने तुला खांद्यावर घेतलं होतं, तो तुला ओळखेल. आणि जे घडलं ते तू मला तोंडावर सांगितलंस. त्यालाही तसंच सांग. आमच्या कुळाची ओळ घे, आमचं नाव घे, आणि निरोप दे. बास."

सेकू क्षणभर उभा राहिला. मोठा भाऊ, मोठा आवाज, दोन भोंगे. मग त्याने अंगातला तो कडक झगा डोक्यावरून काढला आणि मोरिबाच्या मांडीवर ठेवला. "हा घाल. तुझ्या सदऱ्यात गेलास तर तो म्हणेल कामारांचे ग्रिओ भिकेला लागले." आत नुसता बनियन राहिला होता, त्याला भोक होतं.

बुरामा निघाला. फाटकाशी मोरिबाकडे वळला. उजव्या हातातली काठी त्याने काखेत धरली आणि डावा हात पुढे केला. मोरिबाने आपल्या डाव्या हाताने तो धरला.

"हा तुझा नव्हे," बुरामा म्हणाला. "हा त्याला दे. म्हणावं, उशीर झाला, पण हाच द्यायचा होता."

तो गेला. थोड्या वेळाने लान्सिने आला, ओशाळा होऊन, डोक्यावर परात, परातीत मेंढ्याची अख्खी मान. सारानने काडी ओढली. चूल एका काडीत पेटली आणि अंगणात धूर आणि कांद्याचा वास पसरला.

ऊन कलायला लागलं. उद्या सकाळी कीत्याहून गाडी होती. मोरिबा दादाचा झगा घालून बापासमोर चटईवर बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"चल, म्हण एकदा," सेकू त्याच्या शेजारी येऊन बसला. "मी नामू म्हणतो. एवढंच ना? बघू जमतं का मला."

मोरिबाने घसा साफ केला. तीस वर्षं सगळं डोक्यात होतं, पण जिभेवर कधी आलं नव्हतं.

"सिबीच्या डोंगरातून आला तो न्यामादी."

"नामू," आवाज आला. सेकूचा नव्हता. केमोको तार पिळत होता, वर बघत नव्हता. सेकूने तोंड मिटून घेतलं.

"न्यामादीचा मुलगा कोमान."

"नामू."

"कोमानचा मुलगा फादिगी, ज्याने नेरेकोरोची विहीर खणली."

"नामू."

"फादिगीचा मुलगा दान्सा."

"नामू."

"दान्साची मुलं दोन, बुरामा आणि फोदे."

शांतता. चुलीतलं लाकूड तडतडलं. केमोकोची बोटं तारेवर थांबली होती. तो मुलाकडे बघतही नव्हता, नुसता थांबला होता. मोरिबाला वाटलं, बाबा विसरले, वाट चुकले. मग ध्यानात आलं की चुकलो ते आपण. या गप्प बसण्याला तो दोन वर्षं आपली युक्ती समजत होता. ती मुळात बाबांचीच होती आणि बाबा ती पहिल्यापासून ओळखून होते, हे त्याला आत्ता कळलं. त्याचे डोळे भरून आले.

तो ओळीत एक पाऊल मागे गेला.

"दान्साची बायको मान्यान," तो म्हणाला. "तिच्या पोटी दोन. बुरामा आणि फोदे, एका आईचे."

"नामू," केमोको म्हणाला.